चमेलीचा उजवा पाय

८ नोव्हें.
हे जाऊन आज तीन महिने. रडू आलं नाही. अंगणवाडीत गेले, खिचडी वाटली, परत आले. संध्याकाळी आमची घोडी चमेली पुन्हा उजवा पाय उचलून उभी. हे गव्हाणीत तिची चंदी टाकायच्या आधी तेलाचा रिकामा डबा वाजवायचे, की ही पाय उचलून नाचायला लागायची. बाळापूरच्या निम्म्या वराती तिच्या त्या पायावर झाल्या. अजून यांची वाट बघते म्हणजे. घरात कुणीतरी बघतंय, बरं आहे.

१३ नोव्हें.
यांचे धाकटे भाऊ आले. लग्नसराई लागली, घोडी न्यायची म्हणाले. "वैनी, ही तर नाचायला तयारच हाय." चार पावलं चालवली तर लंगडली, मान खालीवर. त्यांनीच दोर परत खुंटीला बांधला. गुरांच्या डॉक्टरांना बोलावलंय.

१५ नोव्हें.
डॉ. नी गुडघा दाबला, तिनं अंग चोरलं.
"ताई, ही नाचून न्हाई राहिली. दुखून राहिलं तिचं. सांधा झिजलाय."
कधीपासून?
"दोन-तीन महिने बराबर असंल."
तेवढे दिवस मी कौतुकानं बघत होते. इतकंच लिहिते.

१६ नोव्हें.
डॉ. नी सांगितलेली सांध्याची पावडर बघायला कळमनुरीला गेले. एक डबा शर्यतीच्या घोड्यांचा, भाव ऐकून खाली ठेवला. यांच्या गुडघ्याच्या गोळ्या कपाटात आहेत, औषध तेच दिसलं. डॉ. ना फोन. "माणसाला दोन, तर हिला वीस लागतील. आन् त्यात अजून काय मिसळलंय कुणाला ठावं. देऊ नका." गोळ्या परत कपाटात. टाकवत नाहीत.

१९ नोव्हें.
साधी पिशवीतली पावडर घेतली. स्वस्त. डॉ. म्हणाले, "आत औषध किती ते वाचा. डब्यावरचं चित्र घोडी खात न्हाई." फरक पडेलच असंही नाही. दीड महिना द्यायची, पायाखाली मऊ भुस्सा, पाठीवर कुणी नाही.
भावजींना कळवलं, वरात नाही. "काहून? पावडर चालू केली न?" मी फोन ठेवला.

२२ नोव्हें.
चमेली पावडर फुंकरून उडवते. अर्धी माझ्या साडीवर. जवसाच्या पेंडीत गूळपाण्याने कालवली तेव्हा खाल्ली.

२१ डिसें.
रस्त्यावरून वरात गेली. तिने कान टवकारले, पाय उचलला. नाचायचा की दुखायचा, कळलं नाही. डॉ. म्हणतात, बँड नसताना बघा.

४ जाने.
पिशवी तळाला आली. संध्याकाळी चमेली चारही पाय टेकून उभी. काल पण. परवा पण. मी पालथ्या घमेल्यावर बसून अंधार पडेस्तोवर बघितलं.
बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं असेल. पण आता यांची वाट बघणारं घरात कुणी उरलं नाही.
तेलाचा डबा काढला, पुसला. वाजवला तर पाय उचलेल. किंवा नाही उचलणार.
नुसती चंदी टाकली. डबा गव्हाणीपाशीच ठेवलाय. पावडरची दुसरी पिशवी सांगितली.