मुलगी हक्क सोडायला आल्यास तिला माघारी पाठविणेबाबत

प्रति,
मा. दुय्यम निबंधक साहेब,
दुय्यम निबंधक कार्यालय,
जि. सातारा.

अर्जदार : लालासाहेब ज्ञानू फडतरे, सुभेदार (निवृत्त)

विषय : माझ्या पश्चात माझी मुलगी सौ. संयोगिता हक्कसोडपत्रावर सही करण्यास आपल्या कार्यालयात आल्यास, सर्व्हर बंद असल्याचे तिला सांगणेबाबत.

संदर्भ : १) आपल्याकडे नोंदविलेले माझे मृत्युपत्र.
२) आपल्याशी समक्ष झालेली चर्चा, जिच्यात आपण हसलात.

महोदय,

१) सविनय सादर करतो की, मी फौजेत होतो व कोणतेही काम अर्धवट ठेवण्याची मला सवय नाही. त्यामुळे मरणाची तयारीही पूर्ण करून ठेवली आहे. पेन्शनच्या कागदावर पत्नी सौ. लीलाबाई हिचे नाव व आमचा जोडफोटो आहे. बँकेत वारस लावला आहे. दागिने कोणाला, मोटरसायकल कोणाला, माझी परेडची शिट्टी कोणत्या नातवाला, हेही लिहिले आहे. जमीन सगळी माझ्या नोकरीच्या कमाईची. त्यातले घर व ओढ्याकडचा ऊस मुलगा वीरधवल यास आणि विहिरीचे शेत मुलीस दिले आहे. वकीलसाहेब म्हणाले, याला आता ब्रह्मदेवही धक्का लावू शकत नाही. ब्रह्मदेवाची मला भीती नव्हतीच. भीती संयोगिताची आहे.

२) भाऊबीजेला सगळे जमले असता मी मृत्युपत्र मोठ्याने वाचून दाखविले. विहिरीच्या शेताचे नाव निघताच मुलीच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाली, "आण्णा, मला न्हाई पायजे काय. दादाला ऱ्हाऊ द्या. मला आपलं सणाला बोलावलं तरी लय झालं." वीरधवलने आणखी एक करंजी घेतली. मुलगा वाईट नाही साहेब, फक्त सोयीच्या वेळी गप्प बसतो. सूनबाई शिवांजली मात्र गप्प बसली नाही. तिने तिथल्या तिथे विचारले, "वन्सं, तुमाला मोरपंखी आवडती का डाळिंबी?" मी समोर जिवंत बसलेलो असताना साडीचा रंग ठरला.

३) ही साडी कसली, हे आपणास सांगायला नको. आपला निम्मा दिवस त्यातच जातो. बाप गेला, दिवसकार्य आटोपले की बहिणीला गाडीत बसवून आपल्याकडे आणतात. ती हक्क सोडल्याची सही करते, तिला साडी-चोळी होते आणि वाटेत मिसळ खाऊन मंडळी घरी जातात. कोणीही जबरदस्ती करत नाही, हीच माझी मुख्य अडचण आहे. जबरदस्ती असती तर पोलिसांत तरी गेलो असतो. वाटा घेतला तर माहेर तुटेल या एका धास्तीने पोरी आपण होऊन, हसतमुखाने सही करतात. माझी मुलगी जत तालुक्यात दिली आहे. पावसावरची ज्वारी आणि टँकरची वाट पाहणे, एवढाच तिचा संसार. तिला पाण्याचे एक शेत मिळावे म्हणून मी बर्फात नोकरी केली, आणि ते ती मोरपंखी साडीवर देऊन टाकणार. याचा मला राग येतो आणि रडूही येते.

४) सबब, ती आपल्यासमोर उभी राहिल्यास सर्व्हर बंद आहे असे सांगावे. आपला सर्व्हर एरवीही बंद असतो, तेव्हा यात आपणास जादा कष्ट नाहीत. योगायोगाने तो चालू निघाल्यास तिचा अंगठा यंत्रावर उमटत नाही असे सांगावे. तिच्या साडीवर घडीच्या रेषा दिसल्यास ती साडी आजच मिळालेली आहे असे समजून दस्त उद्यावर टाकावा. वीरधवलला चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवून तिला एकटीला विचारावे, की बाई, तुझ्याकडे या आठवड्यात टँकर आला होता का? उत्तर देताना ती रडेल. रडणाऱ्या माणसाचा फोटो यंत्र घेत नाही, असे सांगून तिला घरी पाठवावे.

५) मागील भेटीत आपण म्हणालात की, कायद्यात अशी तरतूद नाही. तरतूद असती तर मी अर्ज कशाला केला असता? आपण असेही म्हणालात की, "तेव्हा तुम्ही नसणार आणि माझीही बदली झालेली असणार." हे खरे आहे. म्हणून पदभार देताना हा अर्ज कपाटाच्या चाव्यांसोबत पुढील साहेबांच्या हाती द्यावा व चावी कोणती, अर्ज कोणता, हे समजावून सांगावे.

६) येथवर लिहून झाल्यावर मी अर्ज लीलाबाईस वाचून दाखविला. ती घेवडा निवडत होती. म्हणाली, "आवं, सायबाचा सर्व्हर किती दिस बंद ऱ्हाईल? एक दिस चालू हुईलच की." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तुमी गेल्यावर मी कुठं ऱ्हायाचं, ते लिवलंय का कागदात?"

मी कागद पुन्हा वाचला. शिट्टीचे लिहिले होते. लीलाबाईच्या राहण्याचे कोठेच नव्हते. मी गृहीत धरले होते, की ती राहील, जशी राहते तशी.

ती म्हणाली, "मग लिवा. ज्याचं विहिरीचं शेत, त्यानं आईला सांभाळायचं. शेत सोडलं की आईबी दादाकडं गेली. पोरगी शेत सोडंल वो, पर आईला कशी सोडंल?"

७) साहेब, एवढी फौज पाहिली, पण असा मोर्चा बांधणारा अधिकारी मला भेटला नव्हता. तरी वरील अट घालणारे पुरवणी मृत्युपत्र नोंदविण्यास आम्ही दोघे येत्या गुरुवारी येत आहोत. विहिरीजवळ दोन खोल्या बांधायला घेतल्या आहेत. मुलीला माहेरपणाला भावाने बोलवायची वाट पाहावी लागू नये, म्हणून चूल लीलाबाई स्वतः घालणार आहे. वीरधवलला हे कळविले असता तो याही वेळी गप्प बसला. मात्र दुसऱ्या दिवशी बांधकामावर पाणी मारायला तोच गेला होता.

कलम ४ मधील विनंती मी मागे घेत नाही. मात्र गुरुवारी सर्व्हर चालू असावा.

मरणाच्या तयारीत असलेला, पण तूर्त ठणठणीत,
लालासाहेब ज्ञानू फडतरे

वाचून घेतले, बरोबर हाय :
सौ. लीलाबाई लालासाहेब फडतरे

दिनांक : ९ डिसेंबर २०२४

सोबत :
१) मृत्युपत्राची प्रत.
२) मोरपंखी साडी घेतल्याची दुकानाची पावती. ही साडी मीच मुलीला परवा दिली. आता तो रंग तिला दुसऱ्या कोणाकडून घ्यावा लागणार नाही.
३) संयोगिताचा फोटो, विहिरीच्या कठड्यावर बसून हसतानाचा. कार्यालयात आलीच तर तो तिच्यापुढे ठेवावा व मगच सही कुठे करायची ते दाखवावे.