माहिती गोळा करण्यात येत आहे

२ मार्च, धुळे
लीलावहिनी आली सकाळच्या एसटीने, दोंडाईच्याहून. कामं घेऊन आलेल्या लोकांबरोबर ओट्यावर बसून राहिली. सख्ख्या नणंदेचं घर, आणि आत यायला लाजते. हात धरून आत आणलं. दादा गेल्यापासून दिनू हेच तिचं सगळं, आणि दिनू वर्ष होत आलं नाशिकला तुरुंगात.

जिनिंग कारखान्यातल्या हमालांचा संप केला, एवढाच त्याचा गुन्हा. त्याच आठवड्यात कापसाच्या गंजीला आग लागली आणि पोलिसांनी टाडा लावला. अतिरेक्यांसाठी केलेला कायदा. आग लागली तेव्हा पोरगा पारोळ्याला चुलतबहिणीच्या लग्नात पंगत वाढत होता. पण पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब या कायद्यात पुरावा धरतात. तो जबाब कसा घेतला असेल ते मला लिहवत नाही.

वहिनी म्हणते, "अक्का, मना पोऱ्याले सोडा असं मी म्हनत नही. त्यानी काय करेल शे, इतलं तरी सांगा."

नवरा राज्यसभेत खासदार आणि माझ्याकडे तिला द्यायला चहा.

५ मार्च
हे दोन दिवसांसाठी घरी आले. जेवताना विषय काढला. नेहमीचं उत्तर: "पोलीस राज्याचे. मुंबईला विचारायला हवं." मुंबईला विचारून झालंय, वहिनीच्या वकिलाने दोनदा. तिकडून सांगतात, कायदा दिल्लीचा.

म्हटलं, मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलंय. 'संसद सरकारवर कशी देखरेख ठेवते?' दरवर्षी पाच गुणांना यायचा. पोरं पाठ करून भराभरा लिहायची आणि मी पाचपैकी पाच द्यायचे. आता एकदा तुम्ही लिहून दाखवा.

हे हसले. रागात असले की मी यांना खासदारसाहेब म्हणते, लिहिताना खा.सा. तर खा.सा. शेवटी कबूल झाले. प्रश्न टाकतो म्हणाले: महाराष्ट्रात या कायद्याखाली किती माणसं आत आहेत, त्यांत शेतकरी-कामगार किती, आणि त्यांच्या खटल्यांची छाननी झाली का.

वकील खूश. त्याचं म्हणणं, उत्तर द्यायचं तर प्रत्येक खटला कोणाला तरी उघडून बघावा लागेल. दिनूचा खटला बघितला तर टिकणार नाही.

२४ मार्च
प्रश्नाला उत्तर आलं. 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.'

मी फोनवर चिडले. हे म्हणाले, चिडू नकोस, हे चांगलं उत्तर आहे. मंत्र्याने सभागृहात असं म्हटलं की ते आश्वासन होतं. मग ते पाळलं की नाही बघायला आश्वासन समिती असते, ती मंत्रालयाच्या मागे लागते. तीन महिन्यांच्या आत पाळावं लागतं, समितीने रेटलं तर त्याआधीही. आणि त्या समितीत कोण आहे माहीत आहे ना?

माहीत आहे. हेच आहेत.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांचा अभिमान वाटला असे दिवस थोडे. आज वाटला. ट्रंककॉल लावून वहिनीच्या शेजाऱ्यांकडे निरोप दिला. उत्तर हातात यायच्या आधीच दिला, घाईच केली.

९ एप्रिल
वहिनीबरोबर नाशिकला. जाळीपलीकडे दिनू. पाय ओढत आला. आईला म्हणाला, पडलो.  लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायचा तेव्हा गच्चीवरून खाली उतरायलाच तयार नसायचा.

"आत्या, आबांनी विचारलं ना तिथे?" माहेरचे सगळे यांना आबा म्हणतात. विचारलं म्हटलं. उत्तर येतंय म्हटलं. त्याने मान हलवली. खोकला वाईट आहे. थुंकीत रक्त येतं असं शेजारच्या कैद्याने वहिनीला सांगितलं.

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीशी बसली. मालेगाव आलं तेव्हा म्हणाली, "पोऱ्या मनासंगे खोटं बोलना. पडना नही तो." तेवढंच.

२२ एप्रिल
हे आले. आंघोळ, जेवण, सुपारी, सगळं झाल्यावर सांगितलं. समितीची बैठक झाली. मंत्रालयाने एका महिन्यातच मुदतवाढ मागितली होती, समितीने रेटायच्या ऐवजी दिली. आणखी तीन महिने.

म्हणजे दर दोन वर्षांनी टाडाची मुदत वाढवायचं विधेयक येतं ते मेमध्ये येणार, ते मंजूर होणार, आणि त्या कायद्याखाली आत कोण कोण आहे ही माहिती नंतर आरामात येणार.

तुम्ही काय केलंत, विचारलं.

मग कळलं. तिथली रीतच आहे म्हणे. मुदतवाढीच्या मागण्या गठ्ठ्याने येतात, अध्यक्ष "हरकत नसावी" म्हणतात, सगळे माना डोलावतात, चहा येतो. एकेक वाचत बसलं तर मंत्रालयं दुखावतात, उद्या आपलंच काम अडतं. यांनीही मान डोलावली. त्या गठ्ठ्यात यांचाच प्रश्न होता, हे यांना जिना उतरताना कळलं.

"अगं, सवयीने झालं."

 सरकारला जाब विचारायला बसवलेला माणूस, आणि बायकोचा भाचा सवयीने विसरला. यांचं ताट मी तसंच ठेवलं, उचललं नाही. उद्या स्वतः उचलतील.

२३ एप्रिल
ताट उचललं, पण घासलं नाही.

वहिनीला मीच सांगितलं. तिला मुदतवाढ वगैरे कळेना, तीनदा समजावलं. शेवटी म्हणाली, "मंग आते कोनले इचारानं?"  पाच गुणांचा प्रश्न.

४ मे
विधेयक पुढच्या आठवड्यात. पक्षाचा व्हिप आला आहे: हजर राहा, बाजूने मत द्या. विरोधात गेलं किंवा गैरहजर राहिलं तर खासदारकी जाऊ शकते. यांची मुदत पुढच्या वर्षी संपते, पुन्हा पाठवतील अशी आशा आहे. राज्यसभा, त्यामुळे लोकांपुढे हात जोडायला नकोत, फक्त पक्षापुढे.

मी म्हटलं, मत कसंही द्या. कायदा उद्या संपला तरी जुने खटले चालूच राहतात, वकिलाने सांगितलंय. पण उभे राहा आणि एवढंच म्हणा: माझ्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय मतदान घेऊ नका. आणि दिनूचं नाव घ्या. सभागृहात नाव घेतलं की त्याला मारताना दहादा विचार करतील.

म्हणाले, बोलणाऱ्यांची नावं पक्ष ठरवतो. माझं नाव नाही.

म्हटलं, मग मधेच उठा. बाकीचे उठतात ना?

दिनूचा खोकला वाढलाय. दवाखान्यात हलवावं म्हणून वकिलाने अर्ज केलाय. त्याचीही माहिती गोळा होत असेल.

८ मे
खा.सा. आजारी पडले. म्हणजे पडायचं ठरवलं. मित्र डॉक्टर आहे, रक्तदाब वाढल्याची चिठ्ठी लिहून दिली. आजारपण कळवून गैरहजर राहिलं की पक्ष खपवून घेतो. विरोध नको, होकारही नको. मला सांगून ठेवलं, दिल्लीहून फोन आला तर झोपलेत म्हण.

फोन दुपारीच आला. गोड आवाजाचा माणूस. "वहिनी, साहेबांची तब्येत कशी आहे?"

म्हटलं, उत्तम आहे. आमरसाची दुसरी वाटी चालू आहे. संध्याकाळी जळगावहून गाडी धरतायत.

हे वाटी हातात धरून बघत राहिले. भांडले नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. बॅग मी भरली. निघताना म्हणाले, "तुला काय वाटतं, मला लाज नाही?" मी म्हटलं, आहे म्हणूनच पाठवते.

खरंच आहे का, मला ठाऊक नाही.

१२ मे
वहिनी कालपासून इथेच. दिनू दवाखान्यात, पायाला बेडी.

सातच्या बातम्या दोघींनी ऐकल्या. विधेयक राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर. पुढची बातमी हवामानाची.

आवाजी मतदानात सगळे एकदम ओरडतात, 'होय' किंवा 'नाही'. कोण काय म्हणालं त्याची नोंद राहत नाही. मधेच उठून कोणी बोललं आणि गोंधळात बुडालं, तर छापील वृत्तांतात नुसतं 'व्यत्यय' येतं. हे उठले का, नाव घेतलं का, की माना डोलावणाऱ्यांत होते, हे तेच सांगणार. उद्या दुपारी येतील. जे सांगतील ते मला ऐकून घ्यावं लागेल, ताडून बघायला काहीच नाही.

वहिनीने विचारलं, "आबा तठे बोलनात का?"

म्हटलं, बातम्यांत तेवढं सांगत नाहीत.

तिने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "बोलनात व्हतीन. आपला मानूस शे." आणि उद्या आबा दमून येतील, त्यांच्यासाठी मांडे करते म्हणाली, पुरणाचे. दिनूलाही तेच आवडतात. डबा उघडून हरभऱ्याची डाळ निवडायला बसली.

मी तिला थांबवलं नाही. दुसरं ताट घेतलं आणि तिच्यासमोर निवडायला बसले.