सईच्या चित्रातली तोफ

हॅनोव्हर, नोव्हेंबरातला गुरुवार

सईला उद्या वर्गात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या तोफांवर बोलायचं आहे. मोठ्या कागदावर चित्र काढलंय. बर्फातून घसरगाडीवर तोफ ओढणारे बैल. बैल फार छान जमलेत.

“आई, तुमच्या कंपनीत आता तोफाच बनवतात ना?” तिने जर्मनमध्ये विचारलं.

“फक्त नळ्या,” मी मराठीत म्हणाले. “गाड्यांच्या गिअरना मागणी राहिली नाही.”

“आल्झो, म्हणजे मग त्या कोणावर सुटणार?”

काय सांगू? नोकरी सोडली तर व्हिसाही जाईल, तिची शाळाही, हे? माझं काम म्हणजे नळ्या तपासणं. एवढंच स्वतःला सांगत असते.

तिने चित्र पुढे सरकवलं. “बरोबर आहे का बघ.”

बैलांकडेच बघायचं ठरवलं होतं. पण तोफेची नळी मागच्या बाजूला पातळ होती, आणि गोळा सुटताना दाब तिथेच सर्वांत जास्त असतो. “इथे फुटेल,” म्हणत मी पेन्सिल घेतली. तेवढी जाड करून दिली.

“आता फुटणार नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले. “आता चांगली चालेल.”