कुजकं आणि चिवट

चि. धाकटीस,

थोरलीचा आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे ते खरं खरं कळव. तुझ्या यजमानांचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर त्यांची गादी दुसऱ्या खोलीत घाल, तू तरी झोप. इकडे माझे गुडघे सोडून सगळे खुशाल.

पत्रास कारण, माझा कारभार. गुडघ्यांपायी ओटा गेला, मग कपाटाच्या किल्ल्या गेल्या (टीव्हीचा रिमोट माझ्याकडे कधी नव्हताच). तेवढ्यात इमारतीत ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायचा नियम आला. निसर्ग वाचवायचा म्हणे. नळ थेंबथेंब गळला तरी मी उठून बंद करते, तांदळाचं धुवण कुंडीत ओतते, माणूस खोलीतून उठायच्या आत दिवा घालवते (लेक म्हणतो, आई, मी अजून वाचतोय). तेव्हा हे काम माझंच होतं. सून प्रयोगशाळेत नोकरीला, सकाळी तिला चपला घालायलाही सवड नसते. ती म्हणाली, आई, दोन्ही बादल्या तुमच्याकडे; पण कचऱ्याच्या गाडीवालीनं कटकट केली तर मी माझ्याकडे घेईन. आता मला सांग, घरात माझ्या हुकुमात दोन बादल्या उरलेल्या, त्याही सुनेला देऊन मी काय खिडकीत शोभेला बसू?

मी मन लावून कामाला लागले. प्रत्येक वस्तू हाताळून बघितली. कांद्याची सालं कडकडीत, शेंगांची टरफलं खडखडीत, ती सुक्यात. दुधाची पिशवी ओली, लेकानं चहा सांडलेलं वर्तमानपत्र ओलंचिंब, ते ओल्यात. ह्यात काही चुकलं असेल तर सांग. गाडीवालीनं झाकण उघडलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू बादलीत मीच बसले होते.

‘आजी, कांद्याची सालं ओल्यात टाकायची.’

‘हात लावून बघ. ओली आहेत का?’

‘वाळली तरी ती ओलीच.’

‘मग मी अंघोळ केली तर मी ओल्यात का?’

‘तुम्ही घरात जा आजी, मला पुढची गल्ली आहे,’ म्हणाली आणि दोन्ही बादल्या दारात ठेवून गेली. (बाई तोंडाची फटकळ आहे. मला आवडते.)

सून यायच्या आत काहीतरी करणं भाग होतं. मी विचार केला, भांडण ओल्याचं आहे ना, मग ओलंच कशाला ठेवा? गॅलरीत जुनी चादर अंथरली आणि बटाट्याची सालं, केळ्याची सालं, चहाचा चोथा, सगळं उन्हात वाळत घातलं. वाळलं की एकच बादली. ही अक्कल ज्यांनी नियम काढला त्यांना सुचली नाही, पण कावळ्यांना सुचली. खालच्या मजल्यावर मास्तर राहतात, इमारतीचे सेक्रेटरीही तेच. त्यांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर कावळ्यांनी पंगत मांडली. मास्तर वर आले ते खांद्यावर केळ्याचं साल घेऊनच (मी सांगितलं नाही, बोलून होऊ दिलं).

त्यांचं झाल्यावर मी विचारलं, मास्तर, वाळलेलं साल ओलं कसं? ते म्हणाले, अहो आजी, ओला म्हणजे कुजणारा. म्हटलं, मग तसं लिहायला शाई महाग होती का? ओलं म्हटलं की माणूस हात लावून बघणार. मास्तर डोकं खाजवायला लागले. मग खांद्याकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते साल माझ्याच बादलीत टाकून खाली गेले.

मी दुसरीत शाळा सोडली असली तरी रंग आणि ब्रश घेऊन बसले. एका बादलीवर लिहिलं ‘कुजकं’, दुसरीवर ‘चिवट’. सुनेनं वाचलं आणि विचारलं, आई, ह्यातलं माझ्यासाठी कुठलं? मी म्हटलं, दोन्ही माझ्यावर बेतलीयत, तू कामावर जा. ती हसली. आता समोरची, वरची, सगळ्या तसंच म्हणतात, इमारतीच्या फळ्यावर मास्तरांनीही तसंच लिहिलं आणि गाडीवाली झाकण न उघडता बादली उचलते. काल सून म्हणाली, आई, बादल्या तुमच्याच. तेव्हा माझी काळजी करू नकोस.

तुझी,
थोरली

ता. क. तुझ्याकडे कापडी पिशवी नसेल तर मी शिवून आणते. आणते म्हणजे, मी येतेय. तू सुनेला फोन करून सांग की तुला माझी फार आठवण येते आणि आठ दिवस पाठवा. रडलीस तर उत्तम, पण तुला जमत नाही, तेव्हा नुसतं नाक ओढ.

आणखी एक. तुमच्याकडे तो कवळी बनवणारा अजून आहे ना? परवा सफरचंद खाऊन झाल्यावर माझी कवळी काढून कागदात ठेवली आणि सालांबरोबर कुजक्यात गेली. चिवट वस्तू कुजक्यात, आणि तीही मी टाकलेली. घरात कळलं तर बादल्या गेल्या. सध्या मी तोंड मिटून बसते, सून समजते माझं मौन चाललंय आणि घरात फार शांत वाटतं असं लेकाला सांगते. फोन केला असता, पण मी ‘बादली’ म्हटलं तरी तुला ‘बाहुली’ ऐकू आलं असतं.

शेवटचं. आठ दिवस बादल्या मी मास्तरांकडे देऊन येणार आहे. सुनेकडे नाही. ती माझ्याहून नीट करेल.