समाप्तच्या पाटीनंतर

ता. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. साष्टांग काही जमायचा नाही, कंबर धरली आहे. उभ्यानेच घे.

हातातलं काम टाकून लिहितेय, म्हणून आधी खाली बस आणि नीट वाच. आपली बंद पडलेली टॉकीज पुन्हा उघडतेय! जुन्या मालकांची नात उघडतेय. दोनशे बारा खुर्च्यांच्या गाद्या मीच शिवतेय, बोटांची चाळण झाली. आणि पहिला खेळ कुठला? तुझ्याच हातचा, चौऱ्याऐंशीचा. लाल मफलरवाला! तो काचेच्या डोळ्याचा खलनायक, त्याची लुकलुकत्या दिव्यांची गुहा, नायकाची चंदेरी पँट. कुणी शिवली होती देव जाणे, बसला की उसवणार असं वाटायचं, पण पठ्ठ्या नाचला! जुनी रिळं गोदामातच सापडली, चौदाच्या चौदा डबे.

आता भांडणाचं. नातीने मला लॅपटॉपवर शेवट दाखवला. गिरणीला आग लागते, नायकाचा मफलर जळतो, तो मरतो, समाप्त. बस्स! मी म्हटलं, हे खोटं आहे. आमच्याकडे समाप्तची पाटी येते आणि मग तो मोटारसायकलवर गाणं म्हणत परत येतो. चहावाला, न्हावी, सगळे माझ्या बाजूने. ती म्हणते, मावशी, असं कुठल्याच पिक्चरमध्ये नसतं. मला खोटी पाडते! पिक्चरची मशीन तू चालवायचास, तेव्हा तू लेखी दे. आणि नुसतं लेखी नको, खेळालाही तूच ये. तिला जुनी मशीन चालवणारा मिळत नाहीये. टॉकीजचं नाव काढलं की चाळीस वर्षं विषय बदलतोस, ते आता पुरे.

लोभ आहे की नाही ते कागदावर नको, येऊन दाखव.
तुझी ठिणगी

ता. ९ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद. कंबरेला शेक दे.

नात खरं बोलते. नायक मेला होता. बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पहिल्याच दुपारी बाराव्या रिळानंतर तेरावं राहिलं आणि चौदावं लागलं. समाप्तची पाटी आली, लोक उठले, आणि तेराव्याचा, मोटारसायकलच्या गाण्याचा, भरलेला डबा माझ्या पायाशी! घाबरून तसाच लावला. दारापर्यंत गेलेली माणसं खुर्च्यांवरून उड्या मारत परत आली. शिट्ट्यांनी छपराचे पत्रे हलले.

दुसऱ्या दिवशी सुधारणार होतो. पण बाबा गेल्यापासून अन्नाला धड न शिवलेली तू त्याच दिवशी खेळ बघून घरी येऊन ताट ओढलंस आणि म्हणालीस की दादा, तो परत आला. मग कसला सुधारतोय? पंचवीस आठवडे चुकीचंच चालवलं. लोकांच्या पिक्चरशी लबाडी केली, तुझ्याशीही. त्या मशीनच्या खोलीत आता कुठल्या तोंडाने येऊ? मला बोलावू नकोस.

लोभ शिल्लक असला तर कळव.
दादा

ता. १२ मार्च

ती. दादास,
नमस्कार गेला चुलीत!

अरे शहाण्या, मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. आगीत जळालेला मफलर गाण्यात कोरा करकरीत? चौदा वर्षांची असले तरी शिंप्याची पोर होते मी! गप्प बसले, कारण मी जेवले तरच तू जेवायचास. तू मला फसवत होतास, मी तुला. झाली फिटंफाट. लेखी मागितलं ते तुझं तोंड उघडावं म्हणून. चाळीस वर्षं वाट बघितली, आणि ती मी, जिला चहा उकळेपर्यंत दम निघत नाही!

तुझं पत्र नातीला वाचून दाखवलं. पोरगी आधी हसली, मग डोळे पुसले, मग बाहेर फळा लावला: समाप्तनंतर कुणी उठू नये. संध्याकाळपर्यंत सगळी तिकिटं संपली! चहावाल्याला लाल मफलर हवाय, न्हाव्यालाही. गाद्यांच्या उरलेल्या कापडातून चाळीस शिवले. पण ती म्हणते, रिळं बरोबर लावणारा शोधला तर मिळेल, इतकं नेमकं चुकणारा कुठून आणू?

शनिवारी दुपारी तीन. नाही आलास तर नायक मरेल, आणि ते तुझ्या माथी.

लोभ होता, आहे, डोकं खाऊ नकोस.
ठिणगी

ता. १६ मार्च

चि. ठिणगीस,
आशीर्वाद. शुक्रवारच्या गाडीने निघतो. एक मफलर मला ठेव. आणि नातीला सांग, डब्यांना कुणी हात लावायचा नाही, क्रम लावायचा नाही. चुकायचं काम माझं आहे.
दादा