होडी पाणी प्यायली

शनिवार, संध्याकाळचे सात. मोठा तलाव, होडीतच.

आज कोरडी! पाच वाजता तळाला स्केल टेकवली, कारखान्यातली तीच सहा इंची, आणि तिला थेंबसुद्धा लागला नाही. सोमवारी चार इंच पाणी होतं.

निवृत्त झालो, कारखान्याचं पिपलानीचं क्वार्टर सोडलं आणि फ्लॅट मिळेपर्यंत बरेच महिने काठावर पडून असलेल्या या जुन्या लाकडी होडीत राहायचं ठरवलं. बायको, सुधा, नागपूरला लेकीकडे गेली. जाताना म्हणाली, "आधी गळती थांबवा, मग मी येते."

मी जन्मभर टर्बाइनचे जोड तपासलेला माणूस. फट दिसली की हात शिवशिवतात. सोमवारी पुट्टीचा डबा उघडलाच होता, तेवढ्यात शेजारच्या नावेवरून रफीकचाचा ओरडले, "रहने दो साहब! सूखी लकड़ी है, पानी पीने दो. फूलेगी तो खुद बंद हो जाएगी. अभी भर दोगे तो तख्ते उखड़ जाएँगे."

गळतंय ते गळू द्यायचं? पाच दिवस नुसतं पाणी उपसत बसलो. दर तासाला स्केल. काही न करणं इतकं अवघड असतं?

आणि आज फळ्या फुगून एकमेकींना अशा भिडल्यात की मध्ये नख शिरत नाही!

लगेच सुधाला फोन लावला.

"पुट्टी भरलीत ना?"

"हातसुद्धा लावला नाही. आपोआप थांबलं."

ती म्हणाली, "तुम्ही काहीतरी आपोआप होऊ दिलंत? उद्या सकाळी हबीबगंज स्टेशनवर घ्यायला या. मला बघायचंय."

होडी की मी, ते विचारलं नाही. पुट्टीचा डबा रफीकचाचांना देऊन टाकला. स्केल मात्र नाही दिली.