पद्माबाईची घोंगडी

सेनगाव, ३ डिसेंबर २००२
पद्माबाईला दमा निघाला. धाकटी जाऊ, पण आजारातही माझ्या पुढे. शेजारच्या तिच्या ओट्यावर दिवसभर भेटायला येणाऱ्यांची रीघ. सफरचंदंसुद्धा. मला लग्नापासून शिंका आणि चोंदलेलं नाक. कुणी संत्रं आणलं नाही. शिंकांना या गावात मान नाही.

६ डिसेंबर
तिचा पंप पाहिला. निळा. चारचौघांत लिपस्टिक लावावी तसा तोंडाला लावते. डॉक्टरने तिला लोकर बंद केली. मेंढरंवाल्या सोनाजीने विणलेली काळी घोंगडी ती कामवाल्या गोजरबाईला देणार होती. सोनाजीची पोरं मी शिकवली, घोंगडी मात्र हिला. मीच उचलून आणली. पद्माबाई म्हणाली, अक्का, तुमचं नाक असं, काहून तकलीफ घेता? मी सुनावलं, तुझी छाती वेगळी, माझं नाक वेगळं. कॉन्व्हेंटात बायॉलॉजी शिकले आहे.

१० डिसेंबर
घोंगडी उबदार. शिंका वाढल्या. दोष तुरीच्या फुलांचा.

१९ डिसेंबर
डोळ्यांखाली ठणका, कपाळ जड. वास येत नाही. बरंच झालं, पद्माबाईची फोडणी कळत नाही.

२८ डिसेंबर
पहाटे शिट्टीसारखा आवाज. मांजर असावं. घरात मांजर नाही.
गोजरबाई म्हणाली, बाई, तुमी तर पद्माबाईवानी वाजून राहिल्या. तिला म्हटलं, भांडी घास.

२ जानेवारी २००३
अंगण ओलांडताना धाप. जीप पद्माबाईनेच सांगितली. हिंगोलीचा डॉक्टर पोरगेलासा. म्हणाला, आजी, नाकापासून फुप्फुसापर्यंत एकच वाट आहे. नाकाची अ‍ॅलर्जी, सायनस, दमा, सगळी एका घरची भावंडं. वर दुर्लक्ष केलं की खालीही बिघडतं. पांघरता काय?
मी म्हटलं, चादर.
पद्माबाई म्हणाली, न्हाई डॉक्टरसाहेब, माझी घोंगडी.

४ जानेवारी
मलाही पंप. मोठा आहे का विचारलं. सगळे सारखेच म्हणे. भेटायला कुणी आलं नाही. पद्माबाईने गावभर सांगितलं, अक्काला आराम करू द्या. पंप ओढायला तिनेच शिकवलं. श्वास सोडा, आता ओढा, धरा, शाबास. मी जन्मभर ज्यांना शाबास म्हटलं त्यांच्यात ही नव्हती.

७ जानेवारी
घोंगडी शेवटी गोजरबाईकडे गेली. आज खणखणीत छातीने कामावर आली. म्हणाली, बाई, लई गाढ झोप लागून राहिली, तुमी बी घ्या की एक अशी.
उत्तर तयार होतं. शिंक आधी आली.